चांदण्या बघायला कुठे जायचं?



मे महिन्यात मुंबई-पुण्याहून भाचरं, पुतणे-पुतण्या येतात आणि पहिल्याच रात्री विचारतात, "मावशी, गावाला आकाशगंगा दिसते ना गं?" आपण त्यांना हौसेने खळ्यात घेऊन जातो. पण मिरजोळ्यात आता खळ्यातून काय दिसतं? एका बाजूला एमआयडीसीचे दिवे, पश्चिमेकडे रत्नागिरी शहराचा उजेड, दारातच रस्त्यावरचा खांब, आणि शेजारच्या वहिनींच्या गच्चीवर रात्रभर जळणारा फ्लडलाइट. आकाशात मोजून पंचवीस-तीस चांदण्या. गाव म्हणायला गाव, पण रात्र शहराची.

तेव्हा आज त्याबद्दलच बोलू. आपल्या भागातून चांदण्या बघायला चांगली जागा कशी शोधायची? आणि आपण बायकांनी तिथे जायचं ते कसं?

आधी चांदण्या जातात कुठे ते समजून घेऊ. त्या तिथेच असतात. आपले दिवे वर आणि आडवा जो उजेड फेकतात, तो हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून पसरतो. त्यामुळे सगळं आकाश राखाडी होतं आणि बारीक चांदण्या त्यात बुडून जातात. आपण समुद्राकाठचे, हवेत ओल जास्त, म्हणून हा उजेड आपल्याकडे आणखी पसरतो. त्यात हल्लीचे पांढरे एलईडी. त्यांच्यात निळसर प्रकाश जास्त असतो, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. पूर्वीचे पिवळे दिवे त्या मानाने बरे होते.

हे एकट्या मिरजोळ्याचं दुखणं नाही. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाच्या रात्रीच्या उजेडाचा नकाशा केला. त्यातून दिसलं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही. पुढे २०२३ मध्ये आणखी एक अभ्यास आला. सामान्य माणसांनी नुसत्या डोळ्यांनी आकाश बघून बारा वर्षांत पाठवलेल्या पन्नास हजारांहून जास्त नोंदी त्यात होत्या, बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. त्यावरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. समजा, एखाद्या ठिकाणी आज २५० चांदण्या दिसतात आणि तिथे आज एक बाळ जन्मलं. उजेड असाच वाढत राहिला तर ते बाळ अठरा वर्षांचं होईल तेव्हा त्याला तिथून साधारण शंभरच दिसतील. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, एका मुलीच्या बाळपणापासून लग्नाच्या वयापर्यंत, निम्म्याहून जास्त चांदण्या गेल्या.

आता जागा शोधायची. पण त्याआधी रात्र शोधावी लागते, आणि ती विद्या आपल्याकडे आहेच. आपल्यातल्या कितीतरी जणी संकष्टी करतात. उपास सोडायला चंद्राची वाट कोण बघतं? आपणच. त्या दिवशी चंद्रोदय साधारण नऊच्या आगेमागे असतो, हे आपल्याला कॅलेंडर न बघताही ठाऊक असतं. तिथून पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. वद्य अष्टमीपर्यंत तो मध्यरात्रीवर जातो. म्हणजे वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, आणि पुढे शुद्ध तृतीयेपर्यंत, संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात काळोखच असतो. महिन्यातल्या अशा दहा-अकरा रात्री आपल्या कामाच्या. कॅलेंडरवर त्यांच्याभोवती पेनने खूण करून ठेवा. पौर्णिमेला समुद्र बघायला जा, पण चांदण्या बघायला जाऊ नका. एकटा चंद्रच अर्ध्याहून जास्त चांदण्या गिळून टाकतो.

मग ऋतू. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश नसतंच, नुसते ढग. मे महिन्यात हवा दमट आणि धुरकट असते. सगळ्यांत चांगले दिवस पाऊस पूर्ण गेल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबर आपल्याला फार सोयीचे. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मावळल्यावर सव्वा तासाने पूर्ण काळोख होतो. म्हणजे सात-सव्वासातला आकाश तयार! साडेसहाला घरून निघालं तर दीड-दोन तास बघून साडेनऊ-दहाला माणूस घरी परत. मध्यरात्री जागायला नको, "एवढ्या रात्री कुठे?" हे ऐकायला नको. एकच सांगते, दिवाळीची अमावास्या सोडा. त्या रात्री चंद्र नसतो, पण फटाक्यांचा धूर असतो.

आता दिशा. जागा शोधताना हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नुसतं "शहरापासून लांब" एवढं पुरत नाही. शहर तुमच्या कुठल्या बाजूला राहतं ते बघायचं. आपण साधारण १७ अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुव तारा आपल्याला उत्तरेला क्षितिजापासून फक्त १७ अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश होते, म्हणजे ध्रुव पावणेदोन मुठींवर. आपला उत्तरेचा खांब एवढा बुटका, म्हणून दक्षिणेचं आकाश आपल्याला खूप खोलवर दिसतं. दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या माणसाला जे दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं, ते आपल्याला सहज दिसतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर एक ठळक पांढरा तारा असतो, तो अगस्ती. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हाच. मे महिन्यात रात्री दहाच्या पुढे दक्षिण क्षितिजाजवळ चार ताऱ्यांचा छोटा क्रूस उभा दिसतो, तो त्रिशंकू. आणि आकाशगंगेचा सगळ्यांत दाट, दुधाळ भाग वृश्चिक आणि धनु राशींपाशी असतो, तोही दक्षिणेच्याच अंगाला.

म्हणून नियम सोपा आहे. शहराच्या दक्षिणेला जायचं. मग शहराचा उजेड आपल्या पाठीशी, उत्तरेला राहतो आणि समोरचं दक्षिण आकाश काळं राहतं. आरे-वारेचा रस्ता, गणपतीपुळे या जागा सुंदर आहेत, जवळ आहेत, पण त्या शहराच्या उत्तरेला. तिथे बसून दक्षिणेला बघितलं की समोर रत्नागिरीचाच उजेड येतो. उलट पावसच्या पुढे गेलं, पूर्णगड, मुचकुंदीचा पूल ओलांडून गावखडी, आणि तिथून राजापूर तालुक्यातलं कशेळी, की जसजसं पुढे जाल तसतशी दक्षिण मोकळी होत जाते. कशेळीला कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं, जुनं मंदिर आहे. दिवसा सूर्याचं दर्शन घ्यावं आणि काळोख पडला की बाकीच्या सूर्यांचं. चांदण्या म्हणजे तरी काय, लांबचे सूर्यच की!

मिरजोळ्याहून पूर्वेकडे आणि ईशान्येकडे उक्षीच्या बाजूचे सडेही आहेत. तिथून शहर नैऋत्येला राहतं, म्हणून मावळतीकडचं आकाश थोडं उजळ दिसतं, पण पूर्वेकडून वर येणारी हिवाळ्यातली नक्षत्रं छान मिळतात. शिवाय जायला जवळ.

आपला सडा आकाश बघायला किती चांगला, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. झाडं नाहीत, डोंगर आड येत नाही, जांभ्याचा सपाट कातळ, चारी बाजूंना क्षितिज. पठारावर असल्यामुळे खालच्या वाडीतले दिवे थेट डोळ्यांत येत नाहीत. मात्र या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. उक्षीला आहेत, कशेळीला आहेत, आणखी कितीतरी गावांत आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. अंधारात ती पायाखाली दिसत नाहीत. म्हणून ज्या सड्यावर ती आहेत तिथे कुंपणाबाहेर बसायचं. कातळावर शेकोटी नको, गाडी चढवायची नाही.

जागा दिवसा बघून यायची, हा दुसरा नियम, आणि तो मोडायचा नाही. आपल्या सड्यांवर उघड्या चिरेखाणी असतात. जुन्या, सोडून दिलेल्या, काठाला कठडा नसलेल्या, दहा-वीस फूट खोल. काळोखात खाण दिसत नाही, पाय गेल्यावरच कळतं. तशाच बिनकठड्याच्या विहिरी. दिवसा जाऊन बसायची जागा ठरवा, गाडी कुठे लावायची ते ठरवा, आणि गाडीपासून त्या जागेपर्यंतची वाट एकदा चालून बघा. जमीन कुणाची आहे ते विचारा. वाडीतल्या एखाद्या काकींना सांगून ठेवा, "अमुक दिवशी आम्ही सात-आठ जणी येणार आहोत." मग रात्री बॅटऱ्या दिसल्या तर गावात गडबड होत नाही, आणि गरज पडली तर हाकेला माणूस असतं. बहुतेक वेळा त्या काकीच चटई घेऊन येतात, असा माझा अनुभव आहे.

किनाऱ्यावर बसणार असाल तर भरती-ओहोटी बघा. काळोखी रात्र म्हणजे अमावास्येच्या आसपासची, आणि अमावास्येला उधाण असतं. संध्याकाळी पाणी खूप आत गेलेलं दिसतं, आपण पुढे ओल्या वाळूत जाऊन बसतो, आणि नंतर ते मध्यरात्रीच्या आधीपर्यंत चढतच राहतं. म्हणून कोरड्या वाळूच्याही वर, सुरूंच्या बाजूला बसा. आणि गावखडीसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं क्षितिजावर जिकडे उजळ दिसतं तिकडे धावतात. निसर्गात ती बाजू समुद्राची असते. आपण तिथे बॅटऱ्या चमकवल्या तर ती उलटी, जमिनीकडे येतात आणि मरतात. अंधार आपल्यापेक्षा त्यांना जास्त हवा आहे.

आता मनातली गोष्ट. आपल्यापैकी कितीजणी कधी, काही काम नसताना, नुसतं आकाश बघायला म्हणून रात्री बाहेर बसल्या आहेत? मासे विकून येताना, कंपनीतल्या दुसऱ्या पाळीहून येताना, दवाखान्यात धावताना आपण रात्र बघतो. पण ती खाली मान घालून, झपझप. आकाश बघायला थांबावं लागतं, मान वर करावी लागते, आणि काळोखात निर्धास्त बसावं लागतं. पुरुष सड्यावर जाऊन बसतात, कुणी काही विचारत नाही. आपल्याला मात्र घरून परवानगी, सोबत आणि कारण, तिन्ही लागतं. म्हणून माझ्या मते चांगल्या जागेची व्याख्या अशी आहे: आकाश काळं असलं पाहिजे आणि तिथे बसलेली बाई निर्धास्त असली पाहिजे. या दोन्हींपैकी एक नसेल तर ती जागा आपली नाही, ती कितीही प्रसिद्ध असो.

निर्धास्त कसं राहायचं? एकटी-दुकटी नको. बचत गटाची सहल ठरवा. सात-आठ जणी, दोन गाड्या, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी आहे. कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी लिहून ठेवा. पायात बंद बूट किंवा चपलेऐवजी निदान मोजे-सँडल, हातात काठी. आपल्या कातळावर फुरसं असतं, ते लहान दिसतं पण विषारी असतं. म्हणून दगड हलवायचे नाहीत, गवतात बसायचं नाही, चटई झटकून टाकायची. कुणाला काही चावलंच तर गावठी उपाय करत बसू नका. १०८ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. कुणी त्रास दिला तर ११२. आणि मोबाइलला रेंज आहे का, हे दिवसा जाल तेव्हाच बघून ठेवा.

पोचल्यावर लगेच "काही दिसत नाही बाई" म्हणू नका. काळोखाला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून फोन पिशवीत. बॅटरीच्या तोंडावर लाल पतंगाचा कागद दुहेरी करून रबर लावा. लाल उजेडाने डोळे फारसे बिघडत नाहीत आणि वाटही दिसते. दुर्बिणीची काही गरज नाही. चटई, उशी, शाल, गरम चहा, आणि पाठीवर झोपायचं.

जागा कितपत चांगली, हे मोजायलाही यंत्र लागत नाही. कृत्तिका मोजा. कार्तिकेयाच्या सहा माता, हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला द्राक्षांच्या घोसासारखा दिसणारा पुंजका. खळ्यातून नुसता धुरकट ठिपका दिसतो का? मग उजेड फार आहे. सहा वेगळ्या मोजता आल्या तर जागा बरी. सात-आठ मोजल्या तर जागा उत्तम, आणि डोळेही! दुसरी खूण भाद्रपदेच्या चौकोनाची. नोव्हेंबरात संध्याकाळी डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो. त्याच्या आत किती चांदण्या दिसतात ते मोजा. उजेडाच्या गावात आत जवळजवळ काहीच नसतं. काळोख्या सड्यावरून आठ-दहा सापडतात. प्रत्येक ठिकाणी तारीख, वेळ आणि हे दोन आकडे वहीत लिहा. वर्षभरात आपल्या तालुक्याचा स्वतःचा नकाशा तयार होईल.

आणि हे बघणं आपल्या मातीला नवीन नाही. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले. १८९३ मध्ये त्यांनी 'ओरायन' नावाचा ग्रंथ लिहिला. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. त्याच्या आधारे त्यांनी वेदांचा काळ ठरवायचा प्रयत्न केला. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे, त्यावरून त्या ग्रंथाचा काळ काढता येतो, हे त्यांनी दाखवलं. आणि लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात, ती कुठे असते माहीत आहे ना? सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून बारीकशी अरुंधती. हल्ली मुहूर्त भर दुपारचा असतो. गुरुजी मांडवाच्या छताकडे बोट दाखवतात आणि नवरी "दिसली" म्हणून मान हलवते! आपल्या लेकीला ती एकदा खरीखुरी दाखवू या. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊला उत्तरेकडे बघा.

शेवटची गोष्ट. चांगल्या जागा शोधून ठेवल्या तरी त्या राहतील का? दर वर्षी दिवे वाढतायत. दिवे नकोत असं मी म्हणत नाही. रस्त्यावर दिवा हवाच, आपल्याला तर आधी हवा. पण कसला? एक प्रयोग करा. रात्री तुमच्या वाटेवरच्या उघड्या दिव्यासमोर उभ्या राहा आणि हाताने तो बल्ब डोळ्यांआड करा. लगेच त्याच्या मागची वाट, गडगा, कुणी उभं असेल तर तेही स्पष्ट दिसायला लागेल. म्हणजे डोळ्यांत घुसणारा उजेड आपल्याला दिसू देत नाही, उलट लपवतो. टोपी घातलेला, तोंड खाली असलेला दिवा सगळा उजेड पायाखाली टाकतो. वाट सुरक्षित राहते आणि आकाशही.

आपल्याच राज्यात हे करून झालेलं आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे जंगलालगतच्या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त जागेवर आला.

रस्त्यावरचे दिवे ग्रामपंचायतीच्या हातात असतात, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असा कायदा आहे. पुढच्या सभेत हा विषय मांडू या: नवे दिवे बसवाल ते टोपीचे, खाली तोंड केलेले आणि पिवळसर बसवा. त्याआधी आज रात्री आपापल्या गच्चीवरचा, खळ्यातला दिवा खाली वळवा, आणि झोपताना बंद करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि येत्या वद्य पक्षातली एक संध्याकाळ ठरवा. दिवसा जाऊन जागा बघून या, कृत्तिका मोजा, आकडा लिहून ठेवा. तुमच्या वाडीतल्या सड्यावरून किती मोजल्या ते आम्हाला जरूर कळवा.